न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर आणि वाइड अँगल लेन्स : तटस्थतेची चिकित्सा

प्रस्तावना

छायाचित्रकलेवरील मार्गदर्शनपर लेखनात न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे रूढ बोलीतला एनडी फिल्टर, हा बहुधा उपसाधनांच्या प्रकरणात येतो. त्याची निवड कोष्टकावरून करावी, व्यास पाहावा, किती 'स्टॉप' प्रकाश कमी करावयाचा ते ठरवावे आणि पुढे जावे, असा या लेखनाचा सूर असतो. दुसरीकडे छायाचित्राची समीक्षा करणारे लेखक रचना, आशय, प्रकाश आणि काळ यांविषयी विस्ताराने लिहितात. परंतु तो प्रकाश आणि तो काळ ज्या काचेतून गाळला गेला, तिच्याविषयी सहसा मौन बाळगतात. परिणामी तंत्राचे लेखन सौंदर्यविचाराला पारखे राहते आणि सौंदर्यविचार तंत्राला. वाइड अँगल लेन्ससाठी एनडी फिल्टर निवडणे ही कृती या दोन्हींच्या सीमेवर उभी आहे. ती केवळ खरेदीची बाब नसून दृश्यात काय राहील आणि काय पुसले जाईल याचा आधीच घेतलेला निर्णय आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या फिल्टरच्या नावातच 'न्यूट्रल' हा शब्द आहे. मराठीत त्याला 'तटस्थ' हा पर्याय सहज सुचतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. वाहत्या पाण्याच्या चित्रणासाठीच हा फिल्टर सर्वाधिक वापरला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाला एक वेगळीच धार येते. फिल्टर खरोखर तटावर उभा राहतो काय, हा प्रस्तुत विवेचनाचा मूळ प्रश्न आहे.

नावातील गृहीतक

फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० साली प्रकाशलेपित काचांच्या संवेदनक्षमतेविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. 'घनता' ही संज्ञा लॉगरिदमच्या भाषेत मांडण्याची रीत तेथून रूढ झाली. फिल्टरवर छापलेला ०.३ हा आकडा म्हणजे २ या संख्येचा लॉगरिदम होय. अशा फिल्टरमधून निम्मा प्रकाश पार होतो, म्हणजेच एक स्टॉप कमी होतो. ०.९ म्हणजे तीन स्टॉप, १.८ म्हणजे सहा आणि ३.० म्हणजे दहा. दहा स्टॉपचा फिल्टर जवळजवळ हजारातला एकच भाग प्रकाश आत सोडतो. दृश्य वर्णपटातील सर्व रंगांना सारख्याच प्रमाणात अडवणारा तो 'न्यूट्रल', अशी त्याची व्याख्या आहे.

ही व्याख्या डोळ्याला प्रमाण मानून केलेली आहे. कोडॅकच्या रॅटन ९६ या जिलेटिन फिल्टरच्या पिढीत तेवढ्याने भागत असे, कारण नेहमीच्या फिल्मला अवरक्त किरण दिसतच नसत. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला मात्र ते काही अंशी दिसतात. संवेदकासमोरील संरक्षक काच त्यांतील बराचसा भाग रोखते, पण सगळा नव्हे. दृश्य प्रकाश हजारपटीने घटवला आणि अवरक्त किरण तितक्या प्रमाणात घटले नाहीत, की सावल्यांमध्ये तपकिरी-तांबूस झाक उतरते. दहा स्टॉपच्या काही प्रसिद्ध फिल्टरांची उबदार झाक आणि इतर काहींची निळसर झाक व्यवसायात सर्वश्रुत आहे. ती नंतर संगणकावर दुरुस्त करता येते, हे खरे. परंतु दुरुस्तीची गरज भासणे हेच तटस्थतेच्या दाव्याला लागलेले पहिले गालबोट आहे.

रुंद कोन आणि काचेची जाडी

वाइड अँगल लेन्सच्या बाबतीत दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे आणि तिची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. ३५ मिलिमीटर स्वरूपाच्या कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर लेन्सचा कर्णकोन सुमारे १०७ अंश भरतो. म्हणजे चौकटीच्या कोपऱ्याकडे जाणारा किरण लेन्ससमोरील फिल्टरवर सरळ न पडता सुमारे ५३ अंशांच्या तिरकसपणाने पडतो. काचेत शिरताना तो वाकतो खरा, तरीही १.५ वक्रीभवनांक असलेल्या काचेतून त्याला मध्यवर्ती किरणापेक्षा सुमारे १८ टक्के अधिक अंतर कापावे लागते. रंगद्रव्य काचेच्या अंगातच मिसळलेले असेल, तर वाट जितकी लांब तितके शोषण अधिक. तीन स्टॉपच्या फिल्टरला हा फरक कोपऱ्यात अर्ध्या स्टॉपच्या आसपास भरतो आणि तो सहन करण्याजोगा आहे. दहा स्टॉपच्या फिल्टरला मात्र तो १.८ स्टॉपपर्यंत जातो. मध्यभागी जितका प्रकाश पोचतो त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी प्रकाश कोपऱ्याच्या वाट्याला येतो. ५० मिलिमीटर लेन्सवर हाच फिल्टर लावला, तर कोपऱ्यातील घट एक-तृतीयांश स्टॉपच्या घरात राहते.

वाइड अँगल लेन्सचे कोपरे मुळातच थोडे अंधारलेले असतात. त्यावर हा फिल्टरचा अंधार चढतो. ज्या फिल्टरांत काचेच्या पृष्ठभागावर धातूचा पातळ थर दिलेला असतो, त्यांचे गणित निराळे आहे. पण कोन बदलला की गाळणे बदलते, हे तेथेही टळत नाही. एकच काच एकाच वेळी मध्यभागी एक फिल्टर असते आणि कोपऱ्यात दुसरा. लांब पल्ल्याच्या लेन्सवर जी गोष्ट नगण्य, तीच येथे चित्राचा स्वभाव ठरवते. आकाशाचे कोपरे गडद होऊन मध्यभागी उजेड साचतो, आणि एखाद्या धार्मिक चित्रातल्यासारखे नाट्य निसर्गदृश्याला आपोआप प्राप्त होते. प्रदर्शनांतून 'छायाचित्रकाराची भावावस्था' म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या गडद कोपऱ्यांपैकी काही तरी निव्वळ काचेच्या जाडीचे उपकार असतात.

फिरवून कमी-जास्त करता येणारा 'व्हेरिएबल' एनडी फिल्टर या लेन्ससाठी सर्वांत अयोग्य म्हटला पाहिजे. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर बसवलेले असतात, आणि ते ज्या प्रमाणात प्रकाश अडवतात ते किरणाच्या कोनानुसार बदलते. रुंद कोनात, विशेषतः फिल्टर त्याच्या कमाल मर्यादेजवळ नेला असता, आकाशावर फुलीच्या आकाराचे काळे पट्टे उमटतात. शिवाय आकाशाचा प्रकाश स्वतःच सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. ज्या लेन्सच्या चौकटीत आडवे ९७ अंश आकाश मावते, तिला त्याचा गडद पट्टा आणि फिकट बाजू दोन्ही दिसतात. एकच साधन सर्व प्रसंगी चालावे हा विक्रेत्याचा युक्तिवाद आहे. छायाचित्रकाराने तो आपला मानण्याचे कारण नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. एकावर एक दोन-तीन फिल्टर चढवले की त्यांच्या कड्या कोपऱ्यांतून डोकावतात. म्हणून पातळ कडीचा एकच फिल्टर बरा. चौकोनी फिल्टरच्या धारकांत सुमारे ८५ मिलिमीटर रुंदीचा धारक अतिरुंद लेन्सला अपुरा पडतो, १०० मिलिमीटरचा बहुधा पुरतो. निकॉनच्या २००७ साली आलेल्या १४-२४ मिलिमीटर लेन्ससारख्या, पुढची काच फुगीर असलेल्या लेन्सवर फिरकीचा फिल्टर बसतच नाही. तिच्यासाठी १५० मिलिमीटरचे वेगळे धारक तयार करावे लागले. काही लेन्सच्या मागील बाजूस जिलेटिनचा तुकडा ठेवण्याची खाच असते. तेथे किरणांचा तिरकसपणा कमी असल्याने वर वर्णिलेला दोष बराच सौम्य होतो. ही जुनी आणि स्वस्त सोय आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

क्षितिजाची रेघ

आकाश आणि भूमी यांच्या उजेडातील तफावत हा छायाचित्रकलेचा जन्मजात प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियन काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. फ्रान्समधील ग्युस्ताव ल ग्रे याने १८५७ च्या सुमारास सेट येथील समुद्राची जी चित्रे काढली, त्यांत त्याने यावर सरळ उपाय केला: आकाशाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा. 'द ग्रेट वेव्ह' या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र याच पद्धतीचे आहे. एकच आकाश त्याने एकाहून अधिक चित्रांत वापरले. अर्धा गडद आणि अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर हा तत्त्वतः ल ग्रेच्या या सांध्याचा वारस आहे. फरक इतकाच, की सांधा आता अंधाऱ्या खोलीत न घालता लेन्ससमोर घातला जातो, आणि म्हणून तो 'अस्सल' मानला जातो.

अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार गेलन रॉवेल (१९४०–२००२) याने पर्वतदृश्यांसाठी ग्रॅज्युएटेड फिल्टरचा वापर लोकप्रिय केला, आणि सिंग-रे या कंपनीने त्याच्या नावाने अशा फिल्टरांचा संच काढला. स्लाइड फिल्मची मर्यादा लक्षात घेता त्याला दुसरा मार्गही फारसा नव्हता. हिमशिखरावर तांबडा उजेड आणि दरीत निळी सावली, यांतील अंतर फिल्मला झेपणारे नव्हते. रॉवेलच्या यशस्वी चित्रांत सावलीची कड आणि फिल्टरची कड एकमेकींवर इतकी नेमकी बसते, की सांधा निसर्गानेच घातला असे वाटावे. त्याच्या अनुकरणातून निघालेल्या असंख्य चित्रांत मात्र हे साधलेले नाही. सरळ रेषेचा फिल्टर वाकड्यातिकड्या डोंगरावर लादला की शिखराचा माथा विनाकारण काळवंडतो.

हा दोष वाइड अँगल लेन्सवर अधिक ठळक होतो. लांब पल्ल्याच्या लेन्सला फिल्टरचा लहानसा तुकडाच दिसतो, त्यामुळे गडदाकडून फिक्याकडे जाणारे संक्रमण चौकटभर पसरते. रुंद लेन्सला जवळजवळ संपूर्ण फिल्टर दिसतो. संक्रमण आकसते, आणि ॲपर्चर लहान केले की ती रेघ आणखी स्पष्ट होते. म्हणून या लेन्ससाठी मऊ कडेचा फिल्टर हा सर्वसाधारण नियम आहे. कठीण कडेचा फिल्टर खुल्या समुद्रापुरता ठेवावा. सह्याद्रीत क्षितिज क्वचितच सरळ असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर भूमीच आत वळलेली, नालेसारखी आहे. तेथे सरळ रेघेच्या फिल्टरला टेकायला जागा नाही. अशा ठिकाणी दोन वेगवेगळ्या एक्स्पोजरांची चित्रे घेऊन ती मागाहून जोडणे, म्हणजे ल ग्रेकडे परत जाणे, हे फिल्टरपेक्षा प्रामाणिकही आहे आणि देखणेही.

गाळला जाणारा काळ

आतापर्यंतचे दोष प्रकाशाचे होते. खरा प्रश्न काळाचा आहे. व्यक्तिचित्रकार एनडी फिल्टर लावतो तो भर उन्हात ॲपर्चर उघडे ठेवून पार्श्वभूमी पुसट करण्यासाठी. रुंद लेन्सला हे कारण फारसे लागू नाही. तिच्यात जवळचे आणि दूरचे बहुतेक स्पष्टच राहते. ॲपर्चर एफ/२२ पर्यंत मिटून वेळ वाढवावी, तर विवर्तनाने तपशील बोथट होतो. तेव्हा संपूर्ण चौकटीवरचा एनडी फिल्टर या लेन्सपुढे येतो तो प्रायः एकाच हेतूने: शटर अधिक काळ उघडे राहावे म्हणून. येथे फिल्टर निवडणे म्हणजे कालावधी निवडणे होय.

फिल्टरविना १/३० सेकंद पुरत असेल, तर तीन स्टॉपला तो पाव सेकंद होतो, सहाला दोन सेकंद आणि दहाला सुमारे ३४ सेकंद. पाव सेकंदात लाट आपला आकार राखते, फक्त तिच्या पाण्याला गती दिसू लागते. दोन सेकंदांत माघारी फिरणाऱ्या फेसाच्या रेघा वाळूवर ओढल्या जातात. ३४ सेकंदांत लाट उरतच नाही. तिच्या जागी धुके येते. आणि केवळ लाटच जाते असे नाही. साधारण चालीने जाणारा माणूस चौकटीतील कोणतीही एक जागा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरतीच व्यापतो. ३४ सेकंदांच्या चित्रात त्याचा वाटा जेमतेम शंभरावा. तो दिसत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसे पावलापावलाने मागे सरकत दोर खेचतात. दहा स्टॉपचा फिल्टर लावलेल्या वाइड अँगल लेन्सच्या चौकटीत किनारा राहील, क्षितिज राहील, वाळूत रुतलेली होडी राहील, आणि ओढणाऱ्यांच्या जागी फार तर एक मळकट झाक राहील. हातांनी जे काम करतात ते जातात, जे थांबलेले आहे ते टिकते. 'शांत', 'ध्यानस्थ', 'कालातीत' ही विशेषणे अशा चित्रांना लावताना समीक्षकाने एवढा हिशेब तरी मांडला पाहिजे.

हा हिशेब छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. डागेरने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा त्याच्या लेपाची मंदगती हाच त्याचा एनडी फिल्टर होता. कित्येक मिनिटांच्या त्या काळात गाड्याघोडे आणि पादचारी सगळे विरून गेले. उरला तो बूट साफ करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. त्याचे बूट पुसणाऱ्याचा आकार त्या मानाने पुसट आहे. डागेरला पर्याय नव्हता. आजच्या छायाचित्रकाराला आहे, आणि म्हणूनच त्याच्या रिकाम्या रस्त्याकडे डागेरच्या रिकाम्या रस्त्याइतक्या निरागसपणे पाहता येत नाही.

मायकेल केन्ना (जन्म १९५३) याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. त्याने १९८० च्या दशकात इंग्लंडमधील रॅटक्लिफ येथील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचे चित्रण सुरू केले. त्यांतील बरीच चित्रे रात्रीची आहेत. तेथे अंधार फिल्टरचे काम करतो. शीतक मनोऱ्यांतून निघणारी वाफ दीर्घ एक्स्पोजरमध्ये मऊ होते, मनोरे एखाद्या प्राचीन स्मारकासारखे निश्चल उभे राहतात. या चित्रांचे सौंदर्य वादातीत आहे. तरीही हे केंद्र म्हणजे कोळसा, राख आणि पाळ्यांमध्ये राबणारी माणसे होती, याची त्यांत पुसटशीच जाणीव होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते बंद झाले. आता त्याची दृश्य स्मृती म्हणून यापुढे हीच चित्रे पाहिली जातील. काळाला गुळगुळीत करणाऱ्या तंत्राची जबाबदारी अशा वेळी वाढते.

तंत्र स्वभावतःच माणसे पुसते, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. अलेक्से तितारेन्को याने १९९० च्या दशकाच्या आरंभी, सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये 'सिटी ऑफ शॅडोज' ही चित्रमालिका घेतली. वासिलियोस्त्रोव्स्काया मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरील तिच्यातील गर्दी धुरासारखी वर सरकताना दिसते. पण कठड्यावर क्षणभर टेकलेले हात त्या धुरातून स्पष्ट उमटले आहेत. एक्स्पोजर आणखी लांबवले असते तर हातही गेले असते. आखडते घेतले असते तर चित्र नेहमीच्या गर्दीचे झाले असते. टंचाईच्या दिवसांत स्वतःचा चेहरा हरवून बसलेला समाज आणि तरीही आधार धरू पाहणारे हात, हा आशय त्या नेमक्या कालावधीतून आला आहे. दीर्घ एक्स्पोजरच्या चित्राकडून काय अपेक्षावे, याचे हे प्रमाण मानता येईल.

या प्रमाणावर पाहता वाइड अँगल लेन्ससाठी पहिला फिल्टर दहा स्टॉपचा घ्यावा, हा प्रचलित सल्ला स्वीकारार्ह वाटत नाही. तीन आणि सहा स्टॉपचे फिल्टर कोपऱ्यांना कमी अंधारतात, रंगाला कमी बिघडवतात, आणि गती दाखवताना ती करणाऱ्याला संपूर्ण नाहीसे करीत नाहीत. पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या मंद उजेडात त्यांच्याने बहुतेक कार्यभाग साधतो. दहा स्टॉपचा फिल्टर निरुपयोगी नव्हे. पण तो वापरणाऱ्याने, येथे काय हालत होते, या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

वाचनाची एक पद्धत

अलीकडे काही कॅमेरे काचेच्या फिल्टरशिवायच हा परिणाम साधतात. ऑलिम्पसने २०१९ साली आपल्या ई-एम१एक्स कॅमेऱ्यात अनेक चित्रांची सरासरी काढून पाच स्टॉपपर्यंतच्या एनडी फिल्टरचे अनुकरण करण्याची सोय दिली. याने रंगाचा आणि कोपऱ्यांचा प्रश्न सुटतो. काळाचा प्रश्न जसाच्या तसा राहतो, कारण सरासरीतही थांबलेल्याचा वाटा मोठा आणि हलणाऱ्याचा लहानच असतो.

काचेचा फिल्टर वापरला असेल, तर त्याची नोंद चित्रासोबत साठवल्या जाणाऱ्या तांत्रिक माहितीत होत नाही. कॅमेऱ्याला आपल्यासमोर काय लावले आहे हे ठाऊकच नसते. लेन्सची लांबी, ॲपर्चर, आयएसओ आणि शटरचा काळ एवढेच नोंदले जाते, आणि प्रदर्शनातील चित्राखालच्या पट्टीवर अनेकदा तेवढेही नसते. तथापि चित्रावरून अनुमान करता येते. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ असताना शटरचा काळ १/१०० सेकंदाच्या आसपास हवा, हा जुना नियम आहे. ज्या चित्रात सावल्यांच्या कडा दुपारच्या उन्हाच्या आहेत, पण पाणी दुधासारखे साकळलेले आहे, तेथे दहा सेकंदांहून कमी काळ लागलेला नसणार आणि लेन्सपुढे दहा स्टॉपचा फिल्टर असणार. मग चौकटीचे कोपरे पाहावेत, सावल्यांतील झाक पाहावी, क्षितिजालगत उजेड अकारण तुटतो काय ते पाहावे, आणि ज्या घाटावर, पुलावर किंवा किनाऱ्यावर त्या वेळी माणसे असणे स्वाभाविक होते, तेथे त्यांचा एखादा धूसर ठसा उरला आहे काय, ते शोधावे.